दिवाळीचा किल्ला फोटोत खेळणं का दिसतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अंगणात अडीच फूट उंचीचा किल्ला केला. तटबंदी, बुरूज, महादरवाजा सगळं नेटकं, अळीवही छान उगवलंय. समोर उभं राहिलं की झकास वाटतो, पण मोबाइलवर फोटो काढला की मातीचा ढीग आणि वर प्लॅस्टिकची माणसं. उलट डोंगरावरून काढलेला खऱ्या गावाचा फोटो एखाद्या ॲपमधून काढला की खेळण्यातलं गाव होतो. दोन्हींचं कारण एकच का?

हो, एकच. डोळ्याला आकार दिसतच नाही. त्याला कोन दिसतो. दृष्टिपटलावर पडलेली प्रतिमा एवढंच सांगते की वस्तूने नजरेचा किती अंश व्यापला. हात लांब केला की अंगठ्याची रुंदी साधारण २ अंश भरते, आणि कोजागिरीचा चंद्र जेमतेम अर्धा अंश, म्हणजे करंगळीच्या नखाने झाकला जाणारा. ५७ सेंमीवरची १ सेंमीची वस्तू १ अंश व्यापते आणि ५७ मीटरवरची १ मीटरची वस्तूही तेवढाच. यातली कोणती समोर आहे हे ठरवायला मेंदूला अंतराचा अंदाज लागतो. कोन गुणिले अंतर म्हणजे आकार. अंतराचा अंदाज निम्मा चुकला की आकारही निम्मा चुकतो. स्विस नेत्रतज्ज्ञ एमर्ट यांनी १८८१ मध्ये हे उत्तर-प्रतिमेवर दाखवलं. तेजस्वी ठिपक्याकडे टक लावून पाहिल्यावर डोळ्यात उरणारा डाग जवळच्या कागदावर लहान आणि लांबच्या भिंतीवर मोठा दिसतो, दृष्टिपटलावर तो तेवढाच असूनही.

तेव्हा किल्ला मोठा करायचा नाही, तो लांब आहे असं पटवायचं. फोटोतली प्रत्येक गोष्ट अंतराबद्दल काही ना काही बोलत असते आणि तुमच्या फोटोत बहुतेक सगळ्या एकसुरात ‘मीटरभरावर आहे’ म्हणताहेत.

समोर उभं असताना तर दोन डोळेच भांडं फोडतात. डोळ्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिमी, म्हणून दोन्हींना थोडं वेगळं चित्र मिळतं. हा फरक खोलीची जाणीव देतो हे इंग्रज शास्त्रज्ञ व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये स्टिरिओस्कोपने, म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवणाऱ्या उपकरणाने, दाखवून दिलं. नजर चांगली असेल तर २० विकलांचा फरकही कळतो (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). हिशेब केला तर १ मीटरवर दीड मिमीचा पुढे-मागेपणा ओळखता येतो, १० मीटरवर १५ सेंमीचा आणि १०० मीटरवर मात्र सुमारे १५ मीटरचा. अंतर दहापट झालं की अचूकता शंभरपट ढासळते. डोळे आत वळण्याचा आणि डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलण्याचा उपयोग तर दोन-तीन मीटरपलीकडे फारसा नाहीच. म्हणून समोरून पाहताना किल्ला छान वाटला तरी कुणाला तो डोंगर वाटत नाही. मन समजून घेऊन पाहतं, इतकंच. फोटोत दोन डोळ्यांची साक्ष निघून जाते. ही आयती सवलत आहे. आता उरलेले साक्षीदार फितवायचे.

पहिला आणि सगळ्यात बोलका साक्षीदार म्हणजे धूसरपणा. डोळ्याची बाहुली ४ मिमी उघडी आहे असं धरा. अर्ध्या मीटरवर नजर ठेवली की मागचा दूरचा ठिपका जवळजवळ अर्ध्या अंशाचा, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राएवढा, पसरतो. नजर ५० मीटरवर असेल तर तोच पसारा पाव कलेएवढा उरतो. निरोगी डोळ्याला एका कलेखालचं वेगळं दिसत नाही, म्हणून मोठा देखावा आपल्याला पुढपासून मागपर्यंत स्पष्टच दिसतो. आयुष्यभराची ही सवय आहे: मागचं-पुढचं धूसर झालं की वस्तू हाताशी आहे. नुसत्या धूसरपणावरून अंतर काढता येत नाही, पण रेषा दूर जाताना जुळतात त्या चित्राशी त्याचा मेळ बसला की मेंदू त्यातून थेट अंतर काढतो. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हेल्ड, कूपर, ओब्रायन आणि बँक्स यांनी २०१० मध्ये याचं गणित मांडलं. खेळण्यासारख्या दिसणाऱ्या शहरांचं कोडं त्यातूनच सुटतं.

कॅमेऱ्याच्या भाषेत सांगायचं तर देखावा तीसपट लहान (१:३०) केला की भिंगाचं उघडं छिद्रही तीसपट लहान व्हायला हवं. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचं छिद्र साधारण ३.५ मिमी असतं. त्याच्या तिसाव्या हिश्श्याला ०.१२ मिमी होतात. एवढ्या छिद्रातून प्रकाशच पसरतो आणि सगळं चित्र सारखंच पिठूळ होतं. म्हणजे एका फोटोत हे प्रकाशशास्त्र होऊ देत नाही. मग दोन वाटा.

सोपी वाट म्हणजे अल्ट्रावाइड, फोनमधला सगळ्यात रुंद दृश्य टिपणारा कॅमेरा. मुख्य कॅमेरा दूरवर फोकस केला तर साधारण दीड मीटरपासून पुढचंच नीट येतं, आणि तुमचा बहुतेक किल्ला दीड मीटरच्या आत आहे. अल्ट्रावाइडचं छिद्र १ मिमीच्या आसपास असल्याने वीस-पंचवीस सेंमीपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट मिळतं. मोठा कॅमेरा असेल तर फुल-फ्रेमवर २४ मिमी भिंग, एफ/१६, फोकस १.२ मीटरवर, ६० सेंमीपासून अनंतापर्यंत सगळं येतं. पोर्ट्रेट मोड कटाक्षाने बंद. तो मुद्दाम मागचं धूसर करतो, म्हणजे नेमकं नको तेच करतो. काही फोन जवळ गेलं की आपोआप मॅक्रोवर उडी मारतात, तेही बंद करा.

पक्की वाट म्हणजे फोकस स्टॅकिंग. फोन विटांमध्ये घट्ट बसवायचा, प्रो मोडमध्ये एक्सपोजर आणि रंगछटा कुलूपबंद करायची, टायमर लावायचा आणि फोकस पुढून मागे सरकवत आठ-दहा फोटो घ्यायचे. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे समान सेंटिमीटरांची पावलं टाकणं. स्पष्टतेचा पट्टा अंतराच्या व्यस्तात समान असतो, म्हणून जवळ पावलं दाट आणि लांब विरळ हवीत. मुख्य कॅमेऱ्यासाठी २०, २३, २७, ३२, ४१, ५६, ८६ सेंमी आणि मग साधारण दोन मीटर, असा क्रम बसतो. फोन २० सेंमीवर फोकस करत नसेल तर जिथून करतो तिथून सुरू करा, फक्त त्याच्या अलीकडची जमीन चौकटीत येऊ देऊ नका. नंतर फोटोशॉपचं ऑटो-ब्लेंड लेयर्स किंवा हेलिकॉन फोकस हे फोटो जोडून देतं. वाऱ्याने अळीव किंवा भगवा हलला की तिथे दुहेरी कडा येते. म्हणून हे काम पहाटेच करावं, आणि झेंडा मागे तारेने ताठ करून ठेवावा.

दुसरा साक्षीदार क्षितिज. माझ्या मते नवख्यांचे निम्मे फोटो इथेच पडतात.

आधी प्रमाण ठरवा. साडेपाच सेंमीचा मावळा म्हणजे १६५ सेंमीचा माणूस, प्रमाण १:३०. या हिशेबाने तुमचा ७५ सेंमीचा डोंगर साडेबावीस मीटरचा, सात मजली इमारतीएवढा. उभं राहून फोटो काढला तर कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर, म्हणजे मावळ्यांच्या जगात ४५ मीटरवर. त्यांच्या दृष्टीने तो ड्रोन आहे. वरून पाहिलं की चौकटभर जमीन दिसते, आकाश दिसत नाही, आणि टेबलावरची वस्तू आपण याच कोनातून बघत असतो.

सपाट जमिनीवर क्षितिजाची रेषा प्रत्येक वस्तूला पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर कापते, वस्तू जवळ असो वा लांब. क्षितिज मावळ्याच्या डोळ्यांतून गेलं की आपणही त्याच्याएवढेच उंच, त्याच जमिनीवर उभे. मग तट त्याच्या चौपट उंच असेल तर तो आपल्याही चौपट उंच वाटतो. यासाठी भिंगाचा मध्य जमिनीपासून ५ सेंमीवर हवा. फोन सरळ उभा धरला तर कॅमेरा वरच्या टोकाला राहतो, म्हणून फोन उलटा करा. कॅमेरा खाली आला की एक-दीड सेंमीपर्यंतही उतरता येतं, फोटो फोन स्वतःच सरळ करतो. मग फोन किंचित मागे कलवून वर बघा. बुरुजांच्या उभ्या कडा वर जाताना जराशा जुळल्या पाहिजेत. उंच गोष्टीच्या पायथ्याशी मान वर केली की तसंच दिसतं. फार कलवलं तर बुरूज मागे पडल्यासारखे दिसतात आणि जमीन चौकटीतून निघून जाते. खालचा पाचवा हिस्सा जमीन राहू द्या, कारण पायाखालून दूर जाणारी जमीन हाच अंतराचा मोठा आधार आहे.

खाली उतरल्याचा आणखी एक फायदा आहे. मागची कंपाउंड वॉल, कुंड्या, स्कूटरचं चाक चौकटीबाहेर जातं आणि आकाश येतं. किल्ला रचतानाच त्याची पाठ मोकळ्या आकाशाकडे ठेवली तर पुढचा त्रास वाचतो. गॅलरीत करत असाल तर मागे मीटर-दीड मीटरवर फिक्या निळसर करड्या रंगाची चादर ताणून लावा, चुण्या न पडू देता.

उजेडात सूर्याला तोड नाही, आणि याचं कारण सुंदर आहे. सूर्याचा कोन सुमारे ०.५३ अंश. त्यामुळे सावलीची कड जेवढी लांब पडते त्याच्या साधारण १०८ व्या हिश्श्याएवढी मऊ होते. ३० सेंमी लांब पडलेल्या सावलीची कड पावणेतीन मिमी मऊ. खऱ्या किल्ल्यावर तीच सावली ९ मीटर लांब आणि कड ८ सेंमी मऊ. दोन्हींत तीसपटच फरक, म्हणजे ऊन प्रमाण आपोआप सांभाळतं. दिव्याला हे जमत नाही. ६ सेंमीचा बल्ब सूर्याएवढा लहान दिसायला साडेसहा मीटर लांब न्यावा लागतो. मीटरभरावर ठेवला तर सावल्यांच्या कडा बटबटीत मऊ होतात, आणि एका बुरुजाची सावली डावीकडे तर दुसऱ्याची उजवीकडे फाकते. समांतर सावल्या म्हणजे दूरचा दिवा, हे डोळ्याला न शिकवता कळतं. सकाळी आठ-साडेआठचं तिरकं ऊन घ्या. रात्रीचाच फोटो हवा असेल तर अंगणाच्या टोकाला एकच प्रखर एलईडी ठेवा आणि बाकी सगळं विझवा.

पोताबद्दल मात्र कणीकण पाहायला हवं. २ मिमीची रेती या प्रमाणात ६ सेंमीची खडी होते, ती चालते. सुपारीएवढं ढेकूळ पाऊण मीटरचा धोंडा होतं, तेही सह्याद्रीत चालतं. चालत नाही ती वाळताना मातीला पडलेली भेग. ५ मिमीची भेग म्हणजे माणसाचा पाय अडकेल एवढी फट, आणि तटावर अशा वीस दिसल्या की सगळं कळतं. शेवटचा हात चाळलेल्या पोयट्याचा द्या, ओलसर असतानाच ब्रशने. अळीव ३ सेंमी वाढलं की ९० सेंमीचं गवत होतं, पण त्याची पानं हाताच्या पंज्यापेक्षा मोठी दिसतात. पुढच्या भागात ते कापून सेंटिमीटरभर ठेवा किंवा तिथे लाकडाचा भुसा हिरवा करून पेरा, उगवलेलं मागे राहू द्या. जवळ ठसठशीत आणि लांब जाताना बारीक-दाट होणारा पोत हीच जमिनीची खोली असते, त्यामुळे चाळणीही दोन ठेवाव्यात: पुढे जाड, मागे बारीक.

मेंदूला आकार पाठ असलेली कोणतीही वस्तू चौकटीत नको. पणती म्हणजे दोन मीटरची कढई, झेंडूचं फूल म्हणजे माणसाएवढं. मुंगी शिरली तरी खेळ संपला. पाणी तर प्रमाणात बसतच नाही: थेंब पृष्ठताणावर ठरतो, किल्ल्यावर नाही. ४ मिमीचा थेंब १२ सेंमीचा होतो. तळं हवं असेल तर न हलणारं ठेवा, कारंज्याचा मोह टाळा.

धुक्याचा उपयोग सगळे चुकीच्या जागी करतात. हवेतून लांबचं पाहताना कॉन्ट्रास्ट ठराविक दराने घटतो. दृश्यता १० किमी असेल तर १ किमीवर तो मूळच्या ६८ टक्के राहतो आणि ५ किमीवर १४ टक्के. पावसाने हवा धुतली की समोरचा डोंगर पुढे सरकल्यासारखा वाटतो तो यामुळेच. पण तुमच्या किल्ल्याची मागची बाजू फार तर २ मीटरवर, प्रमाणात ६० मीटर. एवढ्यात हवा काहीच करत नाही. किल्ल्यावर धूप-अगरबत्तीचा धूर सोडला तर त्याची बारीक, चपळ वेटोळी उलट जवळीक सांगतात. हवा दाखवायची ती मागच्या डोंगररांगेत. पुठ्ठ्याच्या दोन-तीन रांगा कापून एकामागे एक लावा, आणि प्रत्येक मागची रांग आकाशाच्या रंगाकडे सरकवत न्या. काळेपणा सर्वांत आधी जातो, उजळ भाग कमी बदलतो. नुसता निळा रंग चढवून गडद ठेवलेली रांग डोंगर न वाटता निळा पुठ्ठाच वाटते.

आता माणसं. महाराजांची मूर्ती बहुतेक किल्ल्यांत मावळ्यांपेक्षा मोठी असते. परंपरा म्हणून ते योग्यच, पण फोटोत दोन प्रमाणं एकत्र आली की डोळा गोंधळतो आणि खेळणं समजून मोकळा होतो. उपाय बदलण्यात नाही, जागेत आहे. ९ सेंमीची मूर्ती साडेपाच सेंमीच्या मावळ्यांच्याच ओळीत, कॅमेऱ्यापासून ४० सेंमीवर असेल तर ती राक्षसी दिसेल. म्हणून उलटा हिशेब करा. मूर्ती जेवढ्या पटीने मोठी (९ भागिले ५.५, म्हणजे १.६), तेवढ्या पटीने ती कॅमेऱ्यापासून लांब असली आणि तिचे पाय जिथे टेकलेत ती जागा चौकटीत पुढच्या जमिनीशी अखंड वाटली, तर ती पुढच्या मावळ्यांच्याच ओळीत उभी असल्यासारखी दिसते. तसंच ३ सेंमीचे मावळे मागच्या माचीवर ठेवले की माची जवळजवळ दुप्पट लांब जाते. अमेरिकन शास्त्रज्ञ ॲडेलबर्ट एम्स यांची वाकडी खोली याच तत्त्वावर चालते: कोपऱ्यातला माणूस खुजा वाटतो, कारण खोली चौकोनी आहे असं मेंदू धरून चालतो. त्या खोलीसारखीच इथेही एकच मर्यादा आहे. हे एका जागेवरून, एका डोळ्याने पाहतानाच टिकतं. कॅमेरा चार बोटं सरकला की उघडं पडतं, म्हणून व्हिडिओत कॅमेरा फिरवणार असाल तर ही युक्ती वापरू नका.

व्हिडिओत वेळही लहान होतो. ३० सेंमीवरून सुटलेला दगड पाव सेकंदात खाली येतो, ९ मीटरवरून १.३५ सेकंदात. फरक ५.५ पट, म्हणजे ३० चं वर्गमूळ. त्यामुळे पडणारी माती, फडकणारा झेंडा साडेपाचपट हळू दिसला पाहिजे. ३० फ्रेमने दाखवायचं तर सेकंदाला १६५ फ्रेम टिपायच्या. फोनच्या स्लो-मोशनमधलं १२० निवडलं तर १:१६ चं प्रमाण जमतं, २४० निवडलं तर १:६४ चं. २४० वर टिपून एडिटिंगमध्ये वेग दीडपटीच्या जवळ वाढवला की १:३० बसतं. स्लो-मोशन न वापरता कॅमेरा पुढे न्यायचा असेल तर सेकंदाला ५ सेंमीपेक्षा वेगात नेऊ नका, कारण चालणाऱ्या माणसाची गती या प्रमाणात तेवढीच होते.

खऱ्या गावाचं खेळणं करायचं तर वरचं सगळं उलटं: उंचावरून खाली बघा, क्षितिज कापा, रंग भडक करा आणि मधला पट्टा सोडून वर-खाली धूसर करा. ॲप इथे हमखास एक चूक करतं. धूसरपणा अंतराप्रमाणे न देता चित्राच्या वर-खालीप्रमाणे देतं. मग देवळाचा पाया स्पष्ट आणि कळस धूसर होतो, जरी दोन्ही सारख्याच अंतरावर असले. अशा उंच वस्तूवरचा धूसरपणा मास्कने पुसून काढावा, की गाव लगेच तळहातावर येतं.

शेवटी फोटो पाहण्याचं अंतर. २६ मिमी समकक्ष भिंगाने (मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण असाच असतो) काढलेला १५ सेंमी रुंद फोटो डोळ्यापासून ११ सेंमीवर धरला तरच त्यातले कोन खरे असतात. आपण तो ३०-३५ सेंमीवरून पाहतो, त्यामुळे खोली ताणल्यासारखी दिसते, आणि किल्ल्यासाठी ते सोयीचंच आहे. प्रिंट काढणार असाल तर मोठी काढा, आणि पाहणाऱ्याला एक डोळा मिटून मुठीच्या पोकळीतून बघायला सांगा. दोन्ही डोळे ‘हा सपाट कागद आहे’ म्हणत असतात. एक मिटला आणि कागदाच्या कडा झाकल्या की ती तक्रार बंद होते.